डांबराचे रेणू कधी एकत्र येतात? उजेडाने शोधायची पद्धत आणि तिच्यातले सापळे

पावसाच्या तोंडावर गोव्याच्या किनाऱ्यावर डांबरगोळे यायला लागतात. मोरजीपासून कोलव्यापर्यंत कुठेही वाळूत वाटाण्याएवढे, लिंबाएवढे काळे मऊ गोळे सापडतात, आणि ते रापणीच्या जाळ्याला लागले की जाळं साफ करता करता रापणकारांच्या नाकी नऊ येतात. समुद्रात सांडलेल्या तेलाचा हलका भाग वाऱ्याने उडतो, थोडा जीवाणू खातात, थोडा उन्हाने बदलतो. उरतं ते जड. या गोळ्यांचं मूळ रासायनिक खुणांवरून शोधण्याचं काम दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत झालेलं आहे.

तळपायाला लागलेलं हे डांबर रॉकेलने पुसलं की बरंचसं निघतं, पण तपकिरी डाग मागे राहतो. त्या डागात अस्फाल्टीन असतं. अस्फाल्टीन म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे. तेलाचा जो भाग हेप्टेनमध्ये विरघळत नाही पण टोल्युइनमध्ये विरघळतो, त्या सगळ्याला मिळून हे नाव. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी ते १८३७ मध्ये दिलं. व्याख्याच विद्राव्यतेवर बेतलेली, त्यामुळे त्यात हजारो वेगवेगळे रेणू येतात. सर्वसाधारण चित्र असं: मध्ये एकमेकांना जोडलेल्या सहा-सात बेंझीन कड्यांची सपाट चकती, कडेने कार्बनच्या साखळ्या, अधूनमधून गंधक, नायट्रोजन, आणि थोडं व्हॅनेडियम व निकेल.

या चकत्या एकमेकींवर बसतात आणि पुंजके बनतात. पुंजके वाढले की तेलविहिरीची नळी तुंबते, टाकीच्या तळाशी गाळ साचतो, रिफायनरीत उष्णता देणाऱ्या नळ्यांवर थर चढतो. म्हणून प्रश्न असा: कोणत्या द्रावकात, किती प्रमाणात असताना हे रेणू सुटे राहतात आणि कुठे एकत्र यायला लागतात?

आज सर्वाधिक वापरलं जाणारं उत्तर येन-मलिन्स प्रतिमानाचं. तेह फू येन यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या चित्रात ऑलिव्हर मलिन्स यांनी २०१० च्या सुमारास आकडे भरले. एक रेणू साधारण ७५० ग्रॅम प्रति मोल वजनाचा आणि दीड नॅनोमीटर रुंद. दहापेक्षा कमी रेणूंचा पहिला पुंजका सुमारे दोन नॅनोमीटरचा. अशा पुंजक्यांचा मोठा गुच्छ पाच नॅनोमीटरच्या आसपास. चांगल्या टोल्युइनमध्ये पहिले पुंजके लिटरला ५० ते १५० मिलिग्रॅमच्या दरम्यान बनतात आणि मोठे गुच्छ लिटरला काही ग्रॅमवर. हे आकडे तेलागणिक हलतात.

उजेड का वापरायचा

कडीदार रेणूंवर जांभळा किंवा अतिनील प्रकाश टाकला की ते तो शोषतात आणि काही नॅनोसेकंदांत त्याहून लांब तरंगलांबीचा प्रकाश परत देतात. ही प्रतिदीप्ती. जोडलेल्या कड्या वाढल्या की रंग लालकडे सरकतो. दोन कड्यांचं नॅप्थलीन अतिनीलमध्येच चमकतं, तीन कड्यांचं अँथ्रासीन ४०० नॅनोमीटरच्या आसपास, सरळ रेषेत चार कड्या असलेलं टेट्रासीन ४८० च्या जवळ. अस्फाल्टीनचा पट्टा ४०० ते ६०० नॅनोमीटरवर पसरलेला असतो, कारण त्यात सगळ्या आकाराच्या चकत्यांची सरमिसळ आहे.

दोन चकत्या जवळ आल्या की एकीची ऊर्जा दुसरीकडे उडी मारते, तिथून तिसरीकडे. फिरता फिरता ती अशा एखाद्या चकतीवर पोचते जी ऊर्जा उजेडाऐवजी उष्णतेत घालवते. त्यामुळे पुंजके झाले की चमक कमी होते आणि उरलेली चमक लालकडे सरकते. शिवाय मिलिग्रॅमचे अंशसुद्धा दिसण्याइतकी ही पद्धत नाजूक आहे. पुंजके सुटतात तो भाग इतका विरळ असतो की बाकीची बरीच उपकरणं तिथे आंधळी होतात.

इथेच बहुतेक प्रयोग घसरतात. चमक कमी झाली म्हणून रेणू एकत्र आले, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. पण चमक कमी व्हायला किमान चार कारणं आहेत आणि त्यांतलं एकच आपल्याला हवं आहे.

नमुना तयार करणं

किनाऱ्यावरच्या डांबरगोळ्यापासून सुरुवात करायची तर आधी वाळू, मीठ आणि पाणी काढावं लागतं. गोळा टोल्युइनमध्ये विरघळवून गाळून घ्यायचा, गाळलेलं पाण्याने धुऊन मीठ काढायचं, वेगळं झालेलं पाणी टाकून टोल्युइन कमी दाबाखाली उडवायचं. उरलेल्या प्रत्येक ग्रॅममागे ४० मिलिलिटर हेप्टेन घालून तासभर रिफ्लक्स करायचं (वाफ थंड होऊन परत भांड्यात पडेल असं उकळायचं), मग अंधारात थंड होऊ द्यायचं आणि बारीक छिद्रांच्या टेफ्लॉन गाळणीतून गाळायचं. गाळणीवर काळी भुकटी बसते.

ही भुकटी तशीच वापरू नये. तिच्यात मेण आणि रेझिन (तेलातलेच, अस्फाल्टीनहून हलके चिकट रेणू) अडकलेलं असतं, आणि बॉम्बे हायसारख्या मेणचट तेलातून आलेल्या गोळ्यात मेण भरपूर. गरम हेप्टेनने सॉक्सलेटमध्ये (द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून धुणाऱ्या काचेच्या उपकरणात), खाली पडणारं हेप्टेन बिनरंगी होईपर्यंत धुवायचं. या धुण्यात कंटाळा केला तर पुंजके बनण्याचं प्रमाण भलतीकडेच दिसतं, कारण रेझिन चकत्यांना सुटं ठेवायला मदत करतं. उन्हात महिनाभर तरंगलेल्या गोळ्यातलं अस्फाल्टीन ऑक्सिजन घेऊन बदललेलं असतं. ते ताज्या तेलातल्यासारखंच वागेल असं धरून चालू नये.

द्रावण करायला ५० मिलिग्रॅम वाळवलेली भुकटी ५० मिलिलिटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये टोल्युइनने खुणेपर्यंत भरायची. हे लिटरला १ ग्रॅम झालं. अर्धा तास सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या यंत्रात) ठेवून रात्रभर सोडायचं. त्यातून लिटरला १, २, ५, १०, २०, ५०, १००, २००, ५०० मिलिग्रॅम अशी मालिका बनवायची. विरळ केलेला नमुना लगेच मोजला तर पुंजके अजून सुटलेले नसतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून आकडा तोच येतो का बघणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा तपास.

टोल्युइन स्पेक्ट्रोस्कोपी दर्जाचं घ्या. साध्या दर्जाच्या टोल्युइनमधल्या अशुद्धी स्वतःच चमकतात आणि लिटरला १-२ मिलिग्रॅमच्या नमुन्यात तीच चमक अस्फाल्टीनची म्हणून मोजली जाते. पॉलिस्टायरीनची स्वस्त क्युव्हेट (नमुना ठेवायची छोटी चौकोनी कुपी) टोल्युइनमध्ये विरघळते, रबरी बूच फुगतं आणि आपला माल द्रावणात सोडतं. क्वार्ट्झ क्युव्हेट आणि टेफ्लॉनचं बूच, याला पर्याय नाही. टोल्युइन स्वतः २८५ नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश गिळतं, म्हणून उद्दीपन, म्हणजे नमुन्यावर टाकायचा प्रकाश, ३०० च्या वरच ठेवायचं. ३५० किंवा ४०० सोयीचं.

आणखी एक चोर म्हणजे काच. अस्फाल्टीन काचेला चिकटतं. अगदी विरळ द्रावण चार दिवस बाटलीत ठेवलं तर त्यातलं थोडं भिंतीवर गेलेलं असतं आणि आपण ते विरळ झालं म्हणून चमक उतरली असं समजतो. विरळ नमुने एक-दोन दिवसांपलीकडे ठेवू नका.

पहिला सापळा: नमुनाच उजेड खातो

पावसाळ्यात मांडवीच्या गढूळ पाण्यात बॅटरी मारली तर प्रकाश वीतभर आत जाऊन संपतो. खाली कितीही चमकणारं काही असलं तरी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. दाट अस्फाल्टीनच्या क्युव्हेटमध्ये तेच होतं. उपकरणाचा डोळा क्युव्हेटच्या मध्यावर रोखलेला असतो आणि उद्दीपनाचा प्रकाश मध्यापर्यंत जाता जाता शोषला जातो. जो थोडा पोचतो त्याने झालेली चमक बाहेर येताना परत शोषली जाते. परिणाम असा की प्रमाण वाढवत गेलं की चमक आधी वाढते, मग माथा गाठते, मग उतरते. या उताराला पुंजक्यांशी काही देणंघेणं नाही. सुट्या रेणूंच्या द्रावणातही तो येतो.

उपाय गणिती आहे. प्रत्येक नमुन्याचं शोषण यूव्ही-व्हिजिबल उपकरणावर उद्दीपनाच्या आणि उत्सर्जनाच्या तरंगलांबीला मोजायचं. दोन्हींची बेरीज करून अर्धी करायची, दहाचा तेवढा घात काढायचा आणि मोजलेल्या चमकेला त्याने गुणायचं. समजा ३५० ला शोषण ०.३ आणि ४५० ला ०.१. अर्धी बेरीज ०.२, दहाचा ०.२ वा घात १.५८. म्हणजे खरी चमक मोजलेल्याच्या दीडपटीहून जास्त होती. सदतीस टक्के उजेड नमुन्यानेच गिळला होता, आणि हे नुसत्या डोळ्याला फिकट चहासारख्या दिसणाऱ्या द्रावणात. आता ३५० ला शोषण १.२ आणि ४५० ला ०.४ धरा. दुरुस्ती ६.३ पट होते. इतक्या मोठ्या दुरुस्तीवर आम्ही विश्वास ठेवत नाही. अर्धी बेरीज ०.३ च्या वर गेली, म्हणजे दुरुस्ती दुपटीवर गेली, की क्युव्हेट बदलावी. एक सेंटिमीटरऐवजी तीन मिलिमीटरची घ्या, किंवा उजेड पुढच्याच पृष्ठभागावरून मोजायची मांडणी वापरा. त्या मांडणीत क्युव्हेट ४५ अंशांत ठेवू नये, नाहीतर काचेवरून परावर्तित झालेला प्रकाश सरळ उपकरणाच्या डोळ्यात जातो; ३० अंशांच्या आसपास ठेवावी.

दुरुस्त केलेली चमक भागिले प्रमाण, हा आकडा आलेखात उभा मांडा आणि आडव्या अक्षावर प्रमाणाचा लॉगॅरिदम. रेणू सुटे असतील तोवर दर मिलिग्रॅममागची चमक सारखी राहते, रेषा आडवी. पुंजके सुरू झाले की ती खाली झुकते. नुसती चमक विरुद्ध प्रमाण असा आलेख काढून त्यात मोड शोधणारे निष्कर्ष संशयाने वाचावेत.

दुसरा सापळा: धडका आणि ऑक्सिजन

दुरुस्तीनंतरही चमक उतरली तर लगेच पुंजके म्हणता येत नाही. उत्तेजित रेणू दुसऱ्यावर धडकून विझतो, त्यासाठी कायमची जोडी लागत नाही. याचा हिशेब कागदावर करता येतो. टोल्युइनमध्ये धडकेचा कमाल वेग साधारण १०,००,००,००,००० लिटर प्रति मोल प्रति सेकंद, म्हणजे दहा अब्ज. चमकेचं आयुष्य पाच नॅनोसेकंद धरलं तर गुणाकार ५० येतो. लिटरला १०० मिलिग्रॅम म्हणजे ७५० च्या रेणुभाराने ०.१३ मिलिमोल. ५० गुणिले ०.०००१३ म्हणजे ०.००६५. धडकांनी चमक जेमतेम ०.७ टक्का कमी होईल. या प्रमाणात दुरुस्त केलेली चमक वीस-तीस टक्के उतरली असेल तर ती धडकांनी नव्हे. जे विझलं ते आधीपासूनच शेजारी चिकटलेलं होतं. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत उपयोगी हिशेब हाच.

हवेतला ऑक्सिजनही विझवतो. हवेशी समतोल असलेल्या टोल्युइनमध्ये लिटरला सुमारे दोन मिलिमोल ऑक्सिजन विरघळलेला असतो आणि तो पाच नॅनोसेकंदांच्या चमकेचा जवळपास पाचवा हिस्सा खातो. जास्त काळ चमकणाऱ्या लहान कड्यांचा त्याहून बराच जास्त. सगळे नमुने हवेसोबत मोजले तर तुलना बिघडत नाही. बिघडते ती अर्धे नमुने नायट्रोजनचे बुडबुडे सोडून (त्याने ऑक्सिजन निघून जातो) आणि अर्धे तसेच मोजले तर. नायट्रोजन सोडायचा तर तो आधी टोल्युइनच्या वेगळ्या बाटलीतून सोडा, नाहीतर कोरडा वायू क्युव्हेटमधलं टोल्युइन उडवून नेतो आणि प्रमाण आपोआप वाढतं.

आयुष्य मोजलं की वाद मिटतो, बऱ्यापैकी

चमक किती आहे हे बघण्याऐवजी ती किती वेळ टिकते हे मोजता येतं. ३७५ किंवा ४०५ नॅनोमीटरचा स्पंदी लेझर डायोड आणि एकेक फोटॉन मोजणारं उपकरण लागतं. फायदा असा की नमुन्याने उजेड गिळला तरी टिकण्याचा काळ सहसा बदलत नाही. म्हणून दोन्ही निरीक्षणं शेजारी ठेवायची. दुरुस्त चमक ४० टक्के उतरली आणि आयुष्य जसंच्या तसं, तर काही रेणू पूर्ण काळे झालेत: पुंजके. चमक आणि आयुष्य दोन्ही एकाच प्रमाणात उतरलं तर धडका किंवा ऊर्जेची उडी. चमक उतरली, आयुष्य तसंच, आणि शोषणाची दुरुस्ती केलीच नव्हती, तर आधी तिकडे वळा.

उपकरणाचा स्वतःचा प्रतिसाद कोलॉइडल सिलिकाने मोजावा. फोटॉन मोजण्याचा वेग लेझरच्या स्पंदनवेगाच्या एक-दोन टक्क्यांच्या आत ठेवावा. जास्त घाई केली तर प्रत्येक स्पंदनात आधी आलेला फोटॉनच मोजला जातो आणि आयुष्य खोटंच कमी दिसतं.

याच जातीतली आणखी एक मोजणी म्हणजे ध्रुवित प्रकाश टाकून रेणू किती चपळ गरगरतो ते बघणं. टोल्युइनची चिकटता २५ अंशांना ०.५६ मिलिपास्कल-सेकंद. त्यात दीड नॅनोमीटरचा गोळा साधारण पाव नॅनोसेकंदात वळतो, दोन नॅनोमीटरचा अर्ध्याहून थोड्या जास्त नॅनोसेकंदात, आणि पाच नॅनोमीटरच्या गुच्छाला नऊ नॅनोसेकंद लागतात. पाच नॅनोसेकंदांच्या चमकेत या तिघांमधला फरक चांगला दिसतो. १९९९ मध्ये ग्रोएन्झिन आणि मलिन्स यांनी याच मार्गाने अस्फाल्टीनचा रेणू लहान आहे असं दाखवलं आणि वादाला तोंड फुटलं. अल्बर्टा विद्यापीठाचे ऑटो स्ट्राउझ यांनी २००८ मध्ये रोखठोक हरकत घेतली: जे चमकत नाहीत त्यांच्याबद्दल ही पद्धत काय सांगणार? हरकत चुकीची नाही. मोठे, काळे पडलेले पुंजके या मोजणीत गैरहजर असतात आणि सरासरी लहान रेणूंकडे झुकते. २०१५ मध्ये झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेतून एकेका रेणूची अणुबल सूक्ष्मदर्शकाने घेतलेली चित्रं आली आणि त्यांत एकाच मोठ्या चकतीचे रेणू बहुसंख्य निघाले. त्याने बाजू मलिन्स यांच्याकडे बरीच झुकली, पण काळ्या पुंजक्यांचा प्रश्न तसाच आहे. म्हणून चमकेने काढलेलं प्रमाण विद्युतवाहकता, ध्वनिवेग किंवा क्ष-किरण विकिरण यांपैकी एकाने तरी ताडून बघावं.

हेप्टेन घालताना

टोल्युइनमध्ये हेप्टेन मिसळत गेलं की एका टप्प्यावर अस्फाल्टीन खाली बसायला लागतं. इथे चमकेवर फार विसंबू नये. कण दिसायला लागले की ते प्रकाश विखुरतात आणि विखुरलेला प्रकाश चमकेत मिसळतो. ध्रुवित मोजणीत तर तो हमखास खोटा मोठा आकडा देतो. शिवाय टोल्युइनचा अपवर्तनांक १.४९७ आणि हेप्टेनचा १.३८८. निम्मं-निम्मं मिश्रण केलं तर केवळ या फरकाने चमक आठेक टक्के जास्त दिसते, रेणू जागचे हललेले नसले तरी. हेप्टेन थेंब थेंब आणि ढवळत घाला, कारण थेंब पडतो तिथे क्षणभर हेप्टेन जास्त होतं आणि तिथे बनलेला गाळ परत विरघळायला तयार नसतो. आणि वाट बघा. सीमेजवळचं मिश्रण आज स्वच्छ दिसतं आणि आठवड्याने, कधी महिन्यांनी गाळ टाकतं.

गोव्याच्या हवेत

जुलैत इथल्या हवेचा दवबिंदू २४ अंशांच्या आसपास असतो. उपकरणाच्या पुस्तिकेत सांगितलंय म्हणून क्युव्हेटचा खण २० अंशांवर ठेवला तर क्युव्हेटच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचे बारीक थेंब धरतात. डोळ्याला काच किंचित धुरकट दिसते, एवढंच. आलेखात मात्र उद्दीपनाच्या तरंगलांबीचा सुळका दुपटीने उंच होतो आणि चमक दर मोजणीला खाली सरकते. खण ३० अंशांवर ठेवा किंवा त्यात कोरडा नायट्रोजन सोडा. तापमान बदललं की चमकही बदलते, म्हणून एकदा ठरवलं की सगळी मालिका त्याच तापमानाला.

दमट हवेतून टोल्युइन पाणी ओढतं. फार नाही, वजनाच्या ०.०५ टक्क्याच्या आसपास तृप्त होतं. पण अस्फाल्टीनच्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या टोकांना तेवढं पाणी एकत्र बांधायला पुरतं. बाटलीत पाणी शोषणारे, ताजे भाजलेले मॉलिक्युलर सीव्ह टाकून ठेवा आणि ती उघडी टाकून जेवायला जाऊ नका.

३५० ने उद्दीपन करताना ३९२ नॅनोमीटरजवळ एक अणकुचीदार सुळका दिसला तर ती अस्फाल्टीनची चमक नव्हे, टोल्युइनने विखुरलेला रामन प्रकाश आहे. उद्दीपन ३६० केलं की तोही सरकतो. खरी चमक जागेवर राहते. दिव्याची तब्येत मात्र शुद्ध पाण्याच्या रामन सुळक्यावर तपासायची, ३५० ने उद्दीपन केल्यावर तो ३९७ ला येतो. दिवा लावून अर्धा तास थांबल्याशिवाय मोजू नका. इथे विजेचा दाब ज्या दिवशी वरखाली होतो त्या दिवशी दर पाच नमुन्यांनंतर हा सुळका परत बघा.

मोजणी दाटपासून विरळकडे नव्हे, विरळपासून दाटकडे न्यायची, म्हणजे क्युव्हेटमध्ये उरलेला अंश पुढच्या नमुन्याला फारसा बिघडवत नाही. शेवटी क्युव्हेट टोल्युइनने तीनदा, मग क्लोरोफॉर्मने एकदा धुवा आणि कोऱ्या टोल्युइनचा आलेख घेऊन सुरुवातीच्या आलेखावर ठेवा. दोन्ही जुळले नाहीत तर काच अजून मळकी आहे. टोल्युइनची वाफ चार अंशांवरही पेट घेते, हेप्टेनची शून्याखाली. सगळं फ्यूम हूडमध्ये करायचं. नायट्राइलचे हातमोजे टोल्युइनपुढे काही मिनिटंच टिकतात, थेंब पडला की बदला. वापरलेलं टोल्युइन-हेप्टेन एका डब्यात आणि क्लोरोफॉर्म वेगळ्या डब्यात साठवा, सिंकमध्ये काहीही नको.